अस्थिवाहित श्रवण आणि बालकांतील श्रवणारोपण

ध्वनी अंतःकर्णापर्यंत पोचण्याचे मार्ग दोन आहेत. हवेतील कंपने कर्णनलिका, कर्णपटल आणि हातोडी, ऐरण व रिकीब ही तीन हाडे यांच्याद्वारे शंखाकृती नलिकेतील द्रवात शिरतात, हा नित्याचा मार्ग. कवटीचे हाडच कंप पावले तर या साखळीवाचूनही तो द्रव हलतो, हा दुसरा. नादकाट्याची दांडी कानामागील हाडावर टेकविली असता ऐकू येणारा नाद हे त्याचे साधे प्रमाण होय. दोन्ही मार्ग अखेर एकाच इंद्रियास चेतवितात, हे बेकेशी यांनी १९३२ मध्ये दाखविले: हाडातून दिलेला स्वर योग्य तीव्रतेच्या व कलेच्या हवेतील स्वराने पुसून टाकता येतो.

उपचाराचे तत्त्व यातूनच निघते. काही बालकांची कर्णनलिका जन्मतःच बंद असते. त्यांचा अंतःकर्ण पुष्कळदा निर्दोष असतो. तथापि श्रवणाची हानी सुमारे ६० डेसिबेलपर्यंत जाते. साधे संभाषण याच पातळीच्या आसपास असल्याने दोन्ही कान असे असलेल्या बालकास ते जेमतेम जाणवते. आणि नेहमीचे श्रवणयंत्र बसवावे तर नलिकाच नसते.

टायटेनियम हाडाशी एकजीव होते, ही गोष्ट स्वीडनमधील संशोधक ब्रोनेमार्क यांना १९५२ मध्ये सशांवरील प्रयोगांत आढळली. तिचा उपयोग प्रथम दंतरोपणात झाला. १९७७ मध्ये गॉथेनबर्ग येथे शेल्स्ट्रोम यांनी कानामागील हाडात टायटेनियमचा स्क्रू बसवून, त्वचेबाहेर आलेल्या त्याच्या टोकास कंपक जोडला. अशा रीतीने कंपने त्वचेत न विरता थेट हाडास मिळू लागली.

बालकाच्या बाबतीत मात्र एक पेच उद्भवतो. त्याच्या कवटीचे हाड पातळ व मऊ असते, म्हणून अमेरिकेत १९९९ मध्ये या रोपणास मान्यता मिळाली ती पाच वर्षांवरील मुलांपुरतीच. भाषा आत्मसात होण्याचा काळ तर त्यापूर्वीचा. तो हाडाच्या वाढीसाठी थांबत नाही. यावर तोडगा म्हणजे कंपक लवचिक पट्ट्याने डोक्यावर दाबून धरणे. हा पट्टा तान्ह्या मुलासही बांधता येतो. परंतु त्वचा उच्च कंप्रतेची कंपने विशेष शोषून घेते. मराठीतील स, श यांसारख्या ऊष्म वर्णांची ओळख याच कंप्रतांवर अवलंबून असल्याने ते वर्ण अस्पष्ट राहण्याचा संभव असतो. पट्टा हा पूर्वतयारीचा उपाय आहे. रोपणाचा पर्याय नव्हे.

पुढे निवड करावी लागते ती रोपणाच्या प्रकाराची. त्वचेबाहेर टोक असलेले रोपण कार्यक्षम खरे. पण त्याभोवतीची त्वचा नित्य स्वच्छ ठेवावी लागते, तिचा दाह होतो, आणि मुलांत स्क्रू निखळण्याचे प्रमाण प्रौढांहून अधिक आढळते. कंपकच त्वचेखाली बसविण्याची पद्धत युरोपात २०१२ पासून रूढ होऊ लागली. तीत त्वचा अभंग राहते व संदेश विद्युत्‌चुंबकीय मार्गाने आत जातो. मात्र कंपकासाठी हाडात पुरेशी जागा लागते, आणि चुंबकामुळे डोक्याच्या एम.आर.आय. प्रतिमेत बाधा येते. किशोरवयीन रुग्णास यंत्राचे दिसणेही महत्त्वाचे वाटते. त्याचे मत डावलल्यास उत्तम यंत्रही पेटीत पडून राहील.

या उपायाची मर्यादाही ध्यानी घ्यावयास हवी. दोन्ही अंतःकर्ण गंभीर विकृत असतील, तर अस्थिवहनाने श्रवण साधत नाही. तेथे वेगळ्या रोपणाचा विचार करावा लागतो. म्हणून वायुवहन व अस्थिवहन यांच्या श्रवणसीमांतील अंतर मोजणे ही निदानाची पहिली पायरी ठरते, आणि ती जन्मानंतर जितकी लवकर गाठावी तितके बालकाच्या भाषेचे नुकसान टळते.