घर तापविणारे दोन बंब : लाकूड आणि तेल यांची जोडणी

ऑस्ट्रियाच्या डोंगराळ मुलुखात हिवाळ्यातील तापमान शून्याखाली दहा-पंधरा अंशांपर्यंत उतरते. अशा हवेत घर उबदार ठेवणे ही चैन नव्हे. ती जीविताची गरज होय. घर तापविण्याचे साधन काही दिवस बंद राहिले, तर नळांतील पाणी गोठते, गोठताना प्रसरण पावते आणि नळ फोडून टाकते. म्हणून एक साधन बंद पडले असता दुसरे सज्ज असावे, अशी काळजी तेथील अनेक गृहस्थ घेतात. लाकडी कांड्यांवर चालणाऱ्या बंबाला तेलाच्या बंबाची जोड देणे, हा त्या काळजीचा एक प्रकार होय.

महाराष्ट्रात एके काळी घरोघरी असलेला तांब्याचा बंब अनेकांना ठाऊक असेल. त्याच्या मधल्या नळीत जाळ असतो आणि सभोवतालचे पाणी तापते. युरोपातील घराच्या तळघरात असतो तो याचाच थोरला, लोखंडी भाऊबंद. मात्र त्यातील पाणी मुख्यतः स्नानासाठी नसते. पंपाच्या साहाय्याने ते खोल्याखोल्यांतील रेडिएटरांमधून फिरते, आपली उष्णता तेथे देते आणि थंड होऊन पुन्हा बंबाकडे परतते.

कांड्या म्हणजे काय?

लाकूड कापण्याच्या गिरण्यांत भुशाचे ढीग साचतात. हा भुसा वाळवून, मोठ्या दाबाखाली बारीक छिद्रांतून ढकलला, की साधारण ६ मिलिमीटर जाडीच्या कांड्या तयार होतात. दाबाने उत्पन्न झालेल्या उष्णतेमुळे लाकडातील लिग्निन हे द्रव्य मऊ होते आणि तेच डिंकाचे काम करते. उत्तम प्रतीच्या कांड्यांत ओलावा १० टक्क्यांहून व राख ०.७ टक्क्यांहून अधिक असू नये, असा आंतरराष्ट्रीय दंडक आहे. सुमारे २ किलोग्रॅम कांड्यांपासून मिळणारी उष्णता १ लिटर तेलाइतकी, म्हणजे जवळजवळ १० युनिट असते. वीजबिलात ज्याला युनिट म्हणतात, तेच हे माप.

१९७३ साली खनिज तेलाचे भाव एकाएकी भडकले, तेव्हापासून तेलावरचे अवलंबन किती धोक्याचे आहे हे युरोपला उमगले. १ जानेवारी २०२० पासून ऑस्ट्रियात नव्या घरांत तेलाचा बंब बसविण्यास कायद्याने मनाई झाली. परंतु २०२२ साली, युक्रेनमधील युद्धाच्या काळात, कांड्यांचे भावही दुपटीहून अधिक चढले. एकाच इंधनावर विसंबणे इष्ट नाही, हा धडा दोन्ही वेळा मिळाला. ज्यांच्या तळघरात जुना पण धडधाकट तेलाचा बंब होता, त्यांना तो राखून ठेवण्यास हे एक कारण होते.

दोन स्वभाव, दोन कामे

तेलाचा बंब चपळ असतो. विजेची ठिणगी पडताच तो पेटतो आणि तेल थांबताच विझतो. कांड्यांच्या बंबाचे तसे नाही. मळसूत्री वाहक कांड्या पुढे सरकवितो, तप्त हवेच्या झोताने त्या पेटतात आणि पूर्ण जाळ धरण्यास कित्येक मिनिटे लागतात. बंद केल्यावरही उरलेले निखारे काही काळ जळतच राहतात. वारंवार पेटविल्या-विझविल्याने धूर व काजळी वाढते. यास्तव दीर्घकाळ एकसारखे चालण्याचे काम लाकडास आणि अडीअडचणीचे काम तेलास देणे युक्त ठरते.

एका उदाहरणाने हे स्पष्ट होईल. घरात २० अंश सेल्सिअस तापमान राखावयाचे आहे आणि बाहेर शून्याखाली १५ अंश असताना त्यास १४ किलोवॅट उष्णता लागते, असे समजू. आतील व बाहेरील तापमानांतील फरक ३५ अंश. म्हणजे दर अंशास ०.४ किलोवॅट. बाहेर शून्याखाली ५ अंश असता फरक २५ अंश होतो व १० किलोवॅट पुरतात. बाहेर शून्यावर ५ अंश असता केवळ ६ किलोवॅट लागतात. तेव्हा १० किलोवॅटचा कांड्यांचा बंब हिवाळ्यातील बहुतेक दिवस एकटाच निभावून नेईल. मोजक्या कडाक्याच्या दिवसांत उणी पडणारी उष्णता तेल देईल. मात्र कांड्यांचा बंब नादुरुस्त झाल्यास सारा भार तेलावर येणार. म्हणून तेलाचा बंब पूर्ण १४ किलोवॅटचा हवा.

जोडणी कशी असावी?

दोन्ही बंब एकामागे एक जोडले, तर एकाने तापविलेले पाणी दुसऱ्या थंड बंबातून जाते आणि आपली उष्णता त्याच्या धुराड्यावाटे गमावते. म्हणून ते शेजारी-शेजारी जोडतात. प्रत्येकास स्वतःचा पंप व पाण्यास एकाच दिशेने जाऊ देणारी झडप असते. त्यामुळे एक बंब दुसऱ्यास विनाकारण तापवीत नाही.

मधोमध पाण्याची उंच, वेष्टन घातलेली टाकी ठेवतात. ऊन पाणी हलके असल्याने वर राहते व थंड पाणी तळाशी जाते. कांड्यांचा बंब ही सारी टाकी सावकाश भरतो. तेलाचा बंब तिच्या केवळ वरच्या भागाशी जोडतात, कारण त्यास साठ्याची गरज अल्प असते. टाकीच्या वरच्या भागातील पाणी ठरावीक तापमानाखाली, समजा ५५ अंशांखाली उतरले आणि अर्धा तास तसेच राहिले, तरच तेलाने पेट घ्यावा, अशी योजना नियंत्रकात करतात. हा अर्ध्या तासाचा धीर नसेल, तर चपळ तेल दर वेळी पुढे सरसावेल आणि लाकूड मागेच राहील.

कांड्यांच्या बंबात फार थंड पाणी परतले, तर धुरातील वाफेचे पाणी होऊन लोखंड गंजते व धुराड्यात चिकट काजळी बसते. म्हणून मिश्रक झडपेच्या योगे परतणाऱ्या पाण्यात ऊन पाणी मिसळून ते सुमारे ५५ ते ६० अंशांवर राखतात.

सावधगिरी

प्रत्येक बंबास स्वतंत्र सुरक्षा झडप असावी, आणि ती झडप व बंब यांच्यामध्ये बंद करता येईल अशी कोणतीही तोटी नसावी. धुराडीही स्वतंत्र असणे श्रेयस्कर.

कांड्यांच्या कोठाराविषयी विशेष दक्षता हवी. न जळताही, लाकडातील स्निग्धाम्लांचा हवेशी संयोग होऊन कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू निर्माण होतो. त्यास रंग नाही, गंधही नाही. २०१० साली जर्मनीत व २०११ साली स्वित्झर्लंडमध्ये अशा कोठारांत शिरलेल्या व्यक्ती या वायूने दगावल्या. कोठारात सदैव हवा खेळती ठेवावी, आत जाण्यापूर्वी ते चांगले मोकळे करावे आणि एकट्याने कधीही आत जाऊ नये.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे. दोन्ही बंबांचे पंप व नियंत्रक विजेवरच चालतात. वीज गेली, की दोन्ही एकदम थांबतात. तेथे दोन इंधने असूनही उपयोग होत नाही. त्यासाठी विजेचीही पर्यायी सोय लागते. तसेच महिनोन्महिने स्वस्थ बसलेला तेलाचा बंब ऐन वेळी पेटेलच असे नाही. महिन्यातून एकदा तो मुद्दाम चालवून पाहावा. जे साधन नियमाने तपासले जाते, तेच संकटात उपयोगी पडते.