गावेनने पाद्र्याला काय सांगितलं?

सर गावेन आणि हिरव्या सरदाराच्या काव्याचं मला फार जुनं वेड आहे. नववर्षाच्या मेजवानीत आर्थरच्या दरबारी घोड्यासकट घुसलेला हिरवागार धिप्पाड सरदार, गावेनने एका घावात उडवलेलं त्याचं मुंडकं, ते स्वतःच केसांना धरून उचलत त्याने बजावलेलं ‘वर्षाने येऊन माझा घाव सोस’ हे सगळं वाचकांना ठाऊक असेलच. मला ओढ आहे ती त्यातल्या एका छोट्या प्रसंगाची. त्यावर विद्वानांचं अजून एकमत नाही.

चौदाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडच्या वायव्य मिडलंड्सच्या बोलीत रचलेलं हे २५३० ओळींचं काव्य एकाच हस्तलिखितामुळे टिकलं. कवीचं नाव त्यात नाही. ही लहानशी पोथी रॉबर्ट कॉटनच्या संग्रहात होती. त्याच्या कपाटांवर रोमन सम्राटांचे अर्धपुतळे असत आणि पोथ्या त्यांच्याच नावांनी ओळखल्या जात, त्यामुळे हिच्या वाट्याला नीरो आला. पोथीत काव्यं चार, पण १६९६ च्या सूचीत थॉमस स्मिथने केलेलं वर्णन फक्त पहिल्याला लागू पडतं. पुढची पानं त्याने उलटलीच नसावीत! २३ ऑक्टोबर १७३१ ला संग्रहाला आग लागली, त्यात ‘बेओवुल्फ’ काव्याच्या पोथीच्या कडा करपल्या, ही मात्र वाचली. १८३९ मध्ये फ्रेडरिक मॅडनने गावेनचं काव्य पहिल्यांदा छापलं.

आता प्रसंगाकडे. मरणाला सामोरा निघालेला गावेन वाटेत बर्टिलाकच्या गढीवर उतरतो. यजमान एक खेळ सुचवतो: दिवसभरात ज्याला जे मिळेल ते त्याने संध्याकाळी दुसऱ्याला द्यायचं. यजमान रानात शिकारीला जातो आणि त्याची बायको गावेनच्या बिछान्याशी येऊन बसते. पहिल्या दिवशी हरणांच्या बदल्यात एक चुंबन, दुसऱ्या दिवशी रानडुकराच्या बदल्यात दोन. आणि गावेन ती इमानेइतबारे यजमानाच्या गालावर चुकती करतो. तिसऱ्या दिवशी ती सोन्याची अंगठी देऊ करते. तो नाकारतो. मग ती कमरेचा हिरवा पट्टा सोडते आणि म्हणते, हा बांधलेल्याला कुणी मारू शकत नाही. सोन्याला न बधलेला माणूस इथे बधतो. नवऱ्याला कळू देणार नाही, असं वचनही देतो.

तिथून तो थेट पाद्र्याकडे जातो. पापांची कबुली देतो, आणि पाद्री त्याला असा निर्मळ करतो की जणू जगाच्या न्यायनिवाड्याचा दिवस उद्यावरच आहे. संध्याकाळी गावेन तीन चुंबनं देतो, कोल्ह्याचं कातडं घेतो. पट्टा त्याच्याजवळच राहतो.

१२१५ च्या चौथ्या लॅटरन परिषदेने वर्षातून निदान एकदा पापनिवेदन, गोव्यात ज्याला कुमसार म्हणतात ते, प्रत्येक ख्रिस्ती प्रौढाला बंधनकारक केलं होतं. त्यामुळे कवीच्या श्रोत्यांना नियम पाठ असणार: पश्चात्ताप हवा, कबुली हवी, भरपाई हवी. दुसऱ्याच्या हक्काची वस्तू दडवून ठेवायचा बेत मनात असेल तर क्षमा लागू होत नाही. मग गावेनचं पापनिवेदन खोटं होतं का?

संपादक इझ्रायल गोलान्झ यांच्या मृत्यूनंतर, १९४० मध्ये निघालेल्या त्यांच्या आवृत्तीतली टीप सरळ सांगते, की कवीच्या ध्यानात आलेलं दिसत नाही, पण हे पापनिवेदन भ्रष्ट आहे. गोलान्झ हे ज्यू धर्मगुरूचे चिरंजीव. उलट बाजूने उभा राहिला कट्टर कॅथलिक टोल्किन, ज्याने गॉर्डनबरोबर १९२५ मध्ये या काव्याची आवृत्ती सिद्ध केली होती. १९५३ मध्ये ग्लासगोच्या व्याख्यानात त्याने मांडलं, की पट्टा दडवणं हा खेळाचा नियमभंग, नीतीचा नव्हे. पाद्र्यापुढे त्याचा उच्चार करायचं कारणच नव्हतं. गावेन निर्मळ झाला असं कवी म्हणतो, तर तो झाला. हे व्याख्यान छापून आलं १९८३ मध्ये, टोल्किन गेल्यावर दहा वर्षांनी. मधल्या काळात, १९५९ मध्ये, अभ्यासक जॉन बरोने या प्रश्नावरचा आपला लेख लिहूनही टाकला होता.

बरोचा युक्तिवाद मला पटतो. तो म्हणतो, काव्यात पापनिवेदनं दोन आहेत. दुसरं हिरव्या मंदिरापाशी, जिथे गावेन ठरलेला घाव सोसायला जातो. कुऱ्हाड दोनदा हुलकावणी देते, तिसऱ्यांदा मानेला निसटता ओरखडा काढते, आणि हिरवा सरदार हाच बर्टिलाक असल्याचं उघड होतं. गावेन लाजेने लाल होतो, स्वतःला भित्रा आणि लोभी म्हणतो, पट्टा ओरबाडून त्याच्या अंगावर फेकतो. म्हणजे पश्चात्ताप झाला, कबुली झाली, पाद्र्यापुढे राहून गेलेली भरपाईही झाली. बर्टिलाक हसून म्हणतो, माझ्या पात्याने तुझं प्रायश्चित्त झालं, तू आता जन्मल्या दिवसासारखा स्वच्छ आहेस. जिवाच्या मायेने केलंस, म्हणून मी फारसा दोषही देत नाही. हा अधिकार त्याला चर्चने दिलेला नाही, हे बरोही मान्य करतो. टोल्किनचं खरं मानलं तर गावेनची ही लाज अवास्तव ठरते. नुसत्या खेळात हरलेला माणूस इतका जळत नाही.

अर्थात पश्चात्तापाने गावेन लगेच संत होत नाही. त्याच दमात तो आदाम, शलमोन, शमशोन, दावीद यांची यादी काढून सगळं खापर बायकांवर फोडतो! कवीने हे मुद्दाम ठेवलं असं मी धरून चालतो, कारण इतका चोख कारागीर एवढा बेसूर नकळत घेणार नाही.

आर्थरच्या कॅमेलॉटला परतल्यावर गावेन बर्टिलाकने परत दिलेला पट्टा आपल्या अपराधाची खूण म्हणून मिरवतो. दरबार खो खो हसतो आणि प्रत्येक जण तसाच हिरवा पट्टा बांधायचं ठरवतो. काव्याच्या शेवटी, बहुधा दुसऱ्याच कुणाच्या हाताने, ऑर्डर ऑफ द गार्टर या इंग्रज सरदारांच्या मानाच्या मंडळाचं ब्रीद लिहिलेलं आहे: यात वाईट पाहील त्याचीच नाचक्की होवो. गार्टरची फीत निळी, हा पट्टा हिरवा. मेळ बसत नाही. पण लिहिणाऱ्याने दरबाराची बाजू घेतली, गावेनची नाही, एवढं मला त्यावरून दिसतं.