धावत्या क्षणासाठी कॅमेरा निवडताना

(रेडिओवरील भाषणाचे संपादित रूप)

रामटेकच्या आसपासच्या खेड्यांत हिवाळा आला की धान निघते, हाती थोडा पैसा खुळखुळतो आणि शंकरपटाच्या गोष्टी सुरू होतात. माझ्या मामांची पटाची जोडी होती. २००९ च्या हिवाळ्यात मी माझ्या कमाईतून पहिला डिजिटल कॅमेरा घेतला होता, खिशात मावेल असा छोटा. दुकानात मी एकच प्रश्न विचारला होता, "किती मेगापिक्सेल?" बारा, असे उत्तर आले आणि मी खूश झालो. पटाच्या दिवशी मामा म्हणाले, "भाच्या, जोडीचा एक फोटो असा काढ, का भिंतीवर लावता आला पाहिजे." जोडी सुटली, समोरून गेली, मी बटण दाबले. फोटोत आली ती धूळ, आणि कडेला एका बैलाची शेपटी.

"पुढच्या साली काढू," मामा म्हणाले. पुढच्या वर्षी पुन्हा तेच झाले. मग मे २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने बैलांच्या शर्यती बंद झाल्या. २०१६ मध्ये मामा गेले. डिसेंबर २०२१ मध्ये न्यायालयाने महाराष्ट्रात शर्यतींना सशर्त परवानगी दिली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरवला. पट पुन्हा भरू लागले, पण ज्यांच्यासाठी फोटो हवा होता ते राहिले नाहीत. म्हणून आज पळत्या गोष्टींचे फोटो काढण्यासाठी नवा कॅमेरा कसा निवडावा, हे सांगताना मी आधी माझी चूक सांगतो. ती तुमच्याकडून होऊ नये.

चूक मेगापिक्सेलची नव्हती, वेळेची होती. थोडे गणित करू. जोडी ताशी ४० किलोमीटर वेगाने पळते असे धरा. म्हणजे एका सेकंदात ती सुमारे ११ मीटर जाते. त्या काळच्या छोट्या कॅमेऱ्यांत बटण दाबल्यापासून फोटो निघेपर्यंत अर्धा सेकंद सहज जाई, कारण कॅमेरा आधी फोकस शोधत बसे. अर्ध्या सेकंदात जोडी साडेपाच मीटर पुढे! मी बटण वेळेवर दाबले होते, कॅमेऱ्याने फोटो उशिरा काढला. मला शेपटी मिळाली हेच नवल. तेव्हा कॅमेरा बदलायचा असेल तर पहिली कसोटी ही, की बटण दाबताच तो फोटो काढतो का?

दुसरी गोष्ट शटरच्या वेगाची. शटर जितका वेळ उघडे, तितका वेळ चित्र सेन्सरवर उमटत राहते. सेकंदाचा साठावा भाग शटर उघडे राहिले तर आपली जोडी तेवढ्यात १८ सेंटिमीटर सरकते, म्हणजे फोटोत बैलाच्या जागी पांढरा फराटा. हजारावा भाग ठेवला तर ती जेमतेम एक सेंटिमीटर सरकते आणि शिंगे, वेसण, धुरकऱ्याच्या चेहऱ्यावरचा ताण, सारे स्पष्ट येते. धावता घोडा चारही पाय जमिनीवरून उचलतो का, हा वाद एडवर्ड मायब्रिज या छायाचित्रकाराने १८७८ मध्ये अमेरिकेत ओळीने कॅमेरे लावून मिटवला. उचलतो, हे त्याच्या फोटोंनी दाखवले. त्याच्याही यशाचे मर्म अतिशय जलद शटर हेच होते.

मग सगळ्याच कॅमेऱ्यांत हजारावा भाग असतो, अडचण कुठे आहे? अडचण उजेडाची. शटर कमी वेळ उघडले की प्रकाश कमी मिळतो. भर दुपारी पटाच्या दानीवर, म्हणजे धावपट्टीवर, ऊन मुबलक असते, तिथे साधी लेन्सही चालते. पण आपल्याकडचे बाकीचे प्रसंग आठवून पाहा. गावातली कबड्डी संध्याकाळनंतर दिव्यांखाली रंगते. पेंचच्या जंगलात सफारीची गाडी पहाटे शिरते आणि जनावर दिसते ते सागाच्या सावलीत. गडमंदिराच्या पायऱ्यांवर वानरे उड्या मारतात ती अर्धी उन्हात, अर्धी भिंतीच्या सावलीत.

इथे लेन्सचे महत्त्व कळते. कॅमेऱ्यासोबत येणाऱ्या स्वस्त झूम लेन्सचे भोक लांबच्या टोकाला एफ ५.६ किंवा त्याहून लहान असते. एफ २.८ ची लेन्स त्याच्या चौपट प्रकाश आत घेते. आकड्यांत सांगायचे तर, ज्या दिव्याखाली एफ २.८ ला आयएसओ ३२०० वर काम भागते, तिथेच एफ ५.६ ला १२८०० लागतो. आयएसओ वाढवणे म्हणजे मिळालेल्या थोड्या प्रकाशाचा आवाज मोठा करणे. रेडिओचा आवाज वाढवला की खरखरही वाढते, तसेच फोटोत दाणे उमटतात. म्हणून माझे पहिले सांगणे असे, की नवा कॅमेरा घेण्याआधी तुमची लेन्स तपासा. पुष्कळदा बदलायची असते लेन्स आणि आपण बदलतो कॅमेरा. कबड्डीसाठी तर ८५ मिलिमीटरची एफ १.८ ची एकच साधी लेन्स चमत्कार करते, आणि ती मोठ्या झूमपेक्षा पुष्कळ स्वस्त पडते.

तिसरी गोष्ट फोकसची. जुने छोटे कॅमेरे चित्र पुढे-मागे करून सर्वांत ठळक कुठे दिसते ते शोधत. मिरर असलेल्या डीएसएलआर कॅमेऱ्यांत वेगळी पद्धत आली. वस्तू पुढे आहे की मागे, हे कॅमेरा एका नजरेत ओळखतो आणि लेन्सला थेट तिकडे फिरवतो. आजच्या बहुतेक मिररलेस कॅमेऱ्यांत हीच सोय सेन्सरवर आणली आहे. शिवाय माणसाचा डोळा, पक्षी, जनावर ओळखून कॅमेरा त्याचा माग काढत राहतो. खिंडसी तलावावर उडत्या पक्ष्याचा फोटो घेताना पूर्वी दहातले आठ फोटो धूसर यायचे. आता तलावाची पार्श्वभूमी सोडून पक्ष्याच्या डोळ्यावर फोकस टिकतो. खरे सांगायचे तर गेल्या दहा वर्षांत पळत्या विषयांच्या फोटोत सर्वांत मोठा फरक याच गोष्टीने पडला, मेगापिक्सेलने नव्हे.

चौथी गोष्ट म्हणजे सेकंदाला किती फोटो. तीन फोटो निघत असतील तर दोन फोटोंमध्ये आपली जोडी पावणेचार मीटर पुढे जाते, दहा निघत असतील तर एक मीटरच्या आसपास. कबड्डीत चढाईपटूचा हात रेषेला टेकतो तो क्षण तीनांत निसटेल, दहांत बहुधा सापडेल. आज तीस, अगदी एकशे वीस फोटो काढणारे कॅमेरेही आहेत. पण जाहिरातीतल्या आकड्याच्या पुढचा प्रश्न विचारा, हा वेग किती सेकंद टिकतो? एक कच्ची फाइल २५ एमबीची धरली, तर सेकंदाला दहा म्हणजे २५० एमबी. साधे एसडी कार्ड सेकंदाला १०० एमबीच्या आसपास लिहिते. उरलेले कॅमेऱ्याच्या पोटात साचते आणि पोट भरले की ऐन शर्यतीत कॅमेरा मख्ख बसतो. तेव्हा वेगवान कार्डाचे पैसे बजेटमध्ये आधीच धरा, किंवा जेपीईजीवर फोटो काढा.

पाचवी गोष्ट नवी आहे आणि दुकानात ती फारसे कोणी सांगत नाही. मिररलेस कॅमेऱ्यांत आवाज न करणारे इलेक्ट्रॉनिक शटर असते. ते सेन्सर वरून खाली ओळीओळीने वाचते. वाचन हळू असेल तर तेवढ्यात वस्तू सरकते, छकड्याचे चाक तिरके दिसते, क्रिकेटची बॅट धनुष्यासारखी वाकते. दिव्याखाली आडवे पट्टेही पडतात, कारण आपल्याकडच्या विजेवर अनेक दिवे सेकंदाला शंभरदा लुकलुकतात. महागड्या कॅमेऱ्यांत हे वाचन अतिशय जलद असते. निकॉनच्या २०२१ मधल्या झेड ९ मध्ये यांत्रिक शटरच ठेवलेले नाही, आणि सोनीच्या २०२३ मधल्या ए ९ थ्री मध्ये सारा सेन्सर एकाच क्षणी वाचला जातो. पण त्यांची किंमत लाखांत आहे. आपल्यासारख्यांनी साध्या कॅमेऱ्यात पळत्या विषयासाठी यांत्रिक शटर वापरावे, एवढे लक्षात ठेवले तरी पुरे.

मग घ्यायचा कोणता? एक नाव सांगून मी मोकळा होणार नाही, कारण प्रत्येकाची गरज वेगळी. तरी दिशा सांगतो. नवा घ्यायचा असेल तर एपीएस-सी सेन्सरचे मिररलेस कॅमेरे मध्यम बजेटला बरे, जसे कॅननचा आर ७, सोनीचा ए ६७०० किंवा निकॉनचा झेड ५० टू. यांचा सेन्सर थोडा लहान, त्यामुळे निकॉन किंवा सोनीत ३०० मिलिमीटरची लेन्स मोठ्या सेन्सरवरच्या ४५० इतकी जवळ आणते, कॅननमध्ये थोडे अधिकच. पेंचला जाणाऱ्यांना हा फायदाच. हात आखडता असेल तर जुने डीएसएलआर पाहा. कॅननचा ७ डी मार्क टू आणि निकॉनचा डी ५०० हे सेकंदाला दहा फोटो काढणारे दणकट कॅमेरे आता नवे बनत नाहीत, पण सेकंडहँड मिळतात. घेताना शटर किती वेळा पडले तो आकडा विचारा, सेन्सरवर डाग आहेत का पाहा, आणि चालत येणाऱ्या माणसाचे वीस फोटो काढून किती स्पष्ट आले ते मोजा. पुढे नव्या लेन्स येत राहाव्यात असे वाटत असेल तर मात्र मिररलेसच घ्या, कारण कंपन्यांचा सारा भर आता तिकडे आहे.

मोबाइलचे काय, असेही विचारतात. उन्हात आणि जवळून मोबाइल चांगला फोटो देतो. पण कमी उजेडात तो अनेक फोटो जोडून एक बनवतो आणि विषय पळत असेल तर त्या जोडकामात हातपाय पुसट होतात.

शेवटी, पैसे देण्याआधी एक दिवस तो कॅमेरा भाड्याने घ्या आणि ज्या ठिकाणी वापरायचा तिथेच वापरून पाहा. दुकानाच्या काउंटरवर काही पळत नसते. आणि शटर हजारावर ठेवून, सतत फोकस चालू करून, रस्त्यावरच्या सायकलींवर आठवडाभर हात बसवा. विषयासोबत कॅमेरा फिरवत राहण्याची सवय कोणत्याही दुकानात विकत मिळत नाही.

२०२४ च्या हिवाळ्यात मी एका पटाला गेलो होतो. हातात जुनाच, सेकंडहँड घेतलेला डीएसएलआर होता. कोणाची जोडी होती ठाऊक नाही. चारही शिंगे, आठ पाय आणि उडालेली माती, सारे एका फोटोत आले. तो फोटो मी मामांच्या घरी दिला. मामींनी तो बराच वेळ हातात धरला आणि म्हणाल्या, "आपली जोडी नाही ही." मग थोडे थांबून म्हणाल्या, "पण लाव भिंतीवर."

तुमच्या घरात असा कोणाचा फोटो काढायचा राहिला असेल, तर "पुढच्या साली" म्हणू नका. भारी कॅमेऱ्याची वाट पाहू नका. आहे त्या कॅमेऱ्याचे शटर वाढवा, उजेडात उभे राहा आणि क्षण येण्याच्या थोडे आधी बटण दाबायला शिका.