बाबूंचं नाव असलेलं फोल्डर

घुग्घुसला यायचं म्हणजे कोळसा, सिमेंट, नाहीतर धूळ यावर बोला, असं आम्हाला सुचवलं होतं. आम्ही विषय घेतला तो ऑफिसच्या संगणकाचा. तत्त्वज्ञानाच्या माणसाला याचं काय पडलंय, असं काहींना वाटेल. कारण सांगतो.

काही वर्षांपूर्वी एका महाविद्यालयाच्या कार्यालयातले बडे बाबू निवृत्त झाले. नवा ऑपरेटर आला. संगणकात जागा कमी पडत होती, म्हणून त्याने सी ड्राइव्हमधलं 'युजर्स' उघडलं, त्यात बाबूंच्या नावाचं फोल्डर दिसलं आणि ते कायमचं उडवलं. "सर, ते तर गेले ना, मग त्यांचं फोल्डर कशाला?" त्याचं म्हणणं. त्यात सगळ्या कर्मचाऱ्यांच्या सेवापुस्तकांचे स्कॅन होते. बाबूंनी ते डेस्कटॉपवर ठेवले होते, आणि डेस्कटॉप म्हणजे संगणकाचा दर्शनी भाग, तो सगळ्यांचाच, असं आम्ही सगळे समजत होतो. आमच्या एका दिवंगत सहकाऱ्याच्या पत्नीचं कुटुंब निवृत्तीवेतन त्यामुळे अडलं. जुनी रजिस्टरं कपाटातून काढून, एकेक पान परत स्कॅन करून प्रकरण पुढे गेलं. तोवर त्या बाईंनी किती चकरा मारल्या, ते आम्ही पाहिलंय.

तर समजून घेऊ. विंडोजमध्ये प्रत्येक वापरकर्त्याला एक घर मिळतं. त्याला प्रोफाइल म्हणतात. एक्सपीच्या काळात ते 'डॉक्युमेंट्स अँड सेटिंग्ज'मध्ये असायचं, 2007 च्या व्हिस्टापासून 'युजर्स'मध्ये असतं. डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स या त्या घरातल्या खोल्या. शिवाय 'ॲपडेटा' नावाची एक लपवलेली खोली असते, तिथे प्रोग्राम आपापलं सामान ठेवतात. आणि एनटीयुजर डॉट डॅट नावाची एक फाइल असते. तुमच्या सगळ्या सवयी तिच्यात: कीबोर्ड कोणता, पडद्यावर चित्र कोणतं, वगैरे. 'विंडोज', 'प्रोग्राम फाइल्स', 'प्रोग्रामडेटा' ही मात्र घरं नव्हेत. ती गावाची पाण्याची टाकी आणि वीज उपकेंद्र समजा. तिथे हात घालायचाच नाही.

आता आमच्या शास्त्राचा थोडा भाग येतो, चालवून घ्या. माणूस 'तोच' आहे हे कशावरून ठरतं? जॉन लॉकने 1694 मध्ये आपल्या ग्रंथाच्या दुसऱ्या आवृत्तीत यावर नवं प्रकरण घातलं. राजपुत्राची जाणीव चांभाराच्या देहात गेली तर व्यक्ती कोण? राजपुत्रच, कारण स्मृती त्याची. विंडोज मात्र स्मृतीवर जात नाही, नावावरही जात नाही. प्रत्येक खात्याला ते एक लांबलचक क्रमांक देतं, आणि ओळख म्हणजे तो क्रमांक. म्हणून खात्याचं नाव बदललं तरी फोल्डरचं जुनं नाव तसंच राहतं. खातं काढून त्याच नावाने परत केलं, तरी विंडोजच्या लेखी तो दुसरा माणूस असतो, आणि जुन्या घराची किल्ली त्याच्याकडे नसते.

आमच्या ऑपरेटरची चूक इथेच. फोल्डर उडवलं, पण रजिस्ट्रीतली नोंद राहिली. पुढे बाबू स्वतः मदतीला आले, जुन्या पासवर्डने आत गेले, तर विंडोजने त्यांना तात्पुरत्या प्रोफाइलमध्ये बसवलं. म्हणजे धर्मशाळाच. तिथे ठेवलेलं काहीही साइन आउट करताच नाहीसं होतं. अचानक डेस्कटॉप कोरा दिसला आणि 'टेम्पररी प्रोफाइल' असा संदेश आला, तर काम सुरू करू नका. आधी 'युजर्स'मध्ये जाऊन जुनं फोल्डर आहे का बघा. पुष्कळदा असतं, फक्त दार अडकलेलं असतं. लाइट गेली आणि संगणक धाडकन बंद झाला, तर ती सवयींची फाइल अर्धवट लिहिली जाऊन असं होऊ शकतं. उन्हाळ्यात लाइटचं काय होतं ते तुम्हाला आम्ही काय सांगावं. यूपीएस घ्या.

प्रोफाइल काढायचंच असेल तर सिस्टीमच्या ॲडव्हान्स्ड सेटिंग्जमध्ये 'युजर प्रोफाइल्स' आहे, तिथून काढा. नोंद आणि फोल्डर दोन्ही जातात. दोन्ही जातात म्हणूनच आधी नक्कल दुसऱ्या डिस्कवर घ्या. डी ड्राइव्ह म्हणजे दुसरी डिस्क नव्हे बरं का. बहुतेक ठिकाणी तो त्याच डिस्कचा तुकडा असतो.

आणि ऑपरेटरला फार बोलू नका. ऑक्टोबर 2018 मध्ये विंडोज 10 चं अपडेट मायक्रोसॉफ्टला थांबवावं लागलं होतं. ज्यांनी डॉक्युमेंट्स दुसऱ्या ड्राइव्हवर वळवलं होतं, त्यांच्यापैकी काहींचं जुन्या जागी राहिलेलं सामान त्या अपडेटने रिकामी खोली समजून काढून टाकलं. तेही असंच, "आता इथे कोण राहतं" म्हणून!

मराठीवाल्यांचा एक खास घोळ सांगतो. एका मॅडमनी फॉन्ट टाकला, त्यांच्या लॉगिनमध्ये पत्र छान दिसतं, दुसऱ्याच्या लॉगिनमध्ये नुसती अगम्य अक्षरं. फॉन्ट बिघडलेला नाही. अलीकडच्या विंडोजमध्ये साधं 'इन्स्टॉल' केलं की तो त्या एकाच्या घरात बसतो. उजवी क्लिक करून 'इन्स्टॉल फॉर ऑल युजर्स' घ्या. मुळात युनिकोडमध्ये टाइप केलं तर ही कटकटच उरत नाही, पण आपली कार्यालयं जुने फॉन्ट सोडतील तेव्हा खरं.

मागून प्रश्न आलाय: "सर, आमच्याकडे पाच जण एकाच लॉगिनवर बसतो, तेही ॲडमिन." मग आजच संध्याकाळी पाच साधी खाती करा. ॲडमिनचा पासवर्ड पाकिटात बंद करून साहेबांच्या कपाटात. आमच्याकडे तेव्हा पाचही जण ॲडमिन होते, नाहीतर त्या पोराला बाबूंचं फोल्डर उघडतासुद्धा आलं नसतं.