देणगीची बेरीज दुप्पट का होते?

मागच्या भागात आपण टेबल, ओळ आणि रकाना म्हणजे काय ते पाहिलं. आज त्याच टेबलांना प्रश्न विचारायचे आहेत, म्हणजे क्वेरी लिहायच्या आहेत. उदाहरण देणग्यांचं घेतोय, कारण या विषयात मी स्वतः चांगलाच तोंडावर पडलेलो आहे.

महाराष्ट्राबाहेरच्या एका शहरातल्या मराठी मंडळाचा हिशेब मी संगणकावर आणत होतो. तोवर सगळं खजिनदार काकांच्या वहीत असायचं. वार्षिक सभेत मी उत्साहाने पडद्यावर आकडा दाखवला: वर्षभराच्या देणग्या ८,४०,००० रुपये. काकांच्या वहीत होते ६,९०,०००. बँकेतही तेवढेच. सभेत मोठ्याने कोणी काही बोललं नाही, पण मागच्या रांगेतून आवाज आलाच, "मग दीड लाख गेले कुठे?" संगणक चुकत नाही अशी सगळ्यांची समजूत, त्यामुळे नजरा वळल्या त्या काकांकडे. वीस वर्षं विनामोबदला पावत्या फाडणारा माणूस त्या दिवशी चहा न घेता घरी गेला.

चूक माझी होती. ती नेमकी कुठे होती, ते पाहू.

आपली टेबलं चार आहेत. 'देणगीदार' मध्ये माणसं. 'देणगी' मध्ये आलेले पैसे: क्रमांक, तारीख, रक्कम, कुणाकडून. 'निधी' मध्ये गणेशोत्सव, शिष्यवृत्ती, वैद्यकीय मदत वगैरे. चौथं टेबल 'विभागणी', कारण एकच देणगी दोन-तीन कामांसाठी वाटून दिलेली असू शकते. एका बाईंनी एक लाख दिले होते, त्यातले ६०,००० शिष्यवृत्तीला आणि ४०,००० वैद्यकीय मदतीला. म्हणजे 'देणगी' मध्ये एक ओळ, 'विभागणी' मध्ये दोन.

मला एकाच तक्त्यात बेरीज आणि निधीची नावं दोन्ही हवी होती, म्हणून मी 'देणगी' ला 'विभागणी' जोडली आणि सम(देणगी.रक्कम) केलं. जॉइन काय करतो? जुळणाऱ्या प्रत्येक जोडीची एक ओळ बनवतो. त्या बाईंची देणगी दोन ओळींत आली, आणि दोन्ही ओळींत रक्कम एक लाखच. बेरजेत झाले दोन लाख. आणखी एक देणगी २५,००० ची, तीन निधींत वाटलेली, ती झाली ७५,०००. पहिलीचे एक लाख जास्त, दुसरीचे ५०,००० जास्त. हेच ते दीड लाख. बाकी प्रत्येक देणगी एकाच निधीला होती, म्हणून ती बरोबर मोजली गेली आणि मला काही शंकाही आली नाही.

आता यावर एक चटकन सुचणारा उपाय आहे, आणि तो करू नका: सम(डिस्टिंक्ट देणगी.रक्कम). डिस्टिंक्ट सारख्या रकमा एकदाच धरतो. आपल्याकडे लोक ५०१ देतात, १,००१ देतात. ५०१ रुपये देणारे चाळीस जण असतील, तर बेरजेत ५०१ एकदाच येतील. फुगलेला आकडा आता आक्रसेल, एवढंच.

खरा उपाय साधा आहे. एकूण देणगी हवी, तर फक्त 'देणगी' टेबलाची बेरीज घ्या, दुसरं काही जोडू नका. निधीवार हवी, तर बेरीज 'विभागणी' तल्या रकमेची घ्या. या क्वेरी इथे उच्चाराप्रमाणे छापल्या आहेत, टाइप करताना त्या रोमन लिपीत करा.

सिलेक्ट निधी.नाव, सम(विभागणी.रक्कम)
फ्रॉम विभागणी
जॉइन निधी ऑन निधी.निधी_क्र = विभागणी.निधी_क्र
ग्रुप बाय निधी.नाव

आणि मूळ रक्कम व वाटलेली रक्कम जुळते का, हे तपासणारी एक क्वेरी कायम जवळ ठेवा:

सिलेक्ट देणगी.देणगी_क्र, देणगी.रक्कम, सम(विभागणी.रक्कम)
फ्रॉम देणगी
लेफ्ट जॉइन विभागणी ऑन विभागणी.देणगी_क्र = देणगी.देणगी_क्र
ग्रुप बाय देणगी.देणगी_क्र, देणगी.रक्कम
हॅविंग कोअलेस(सम(विभागणी.रक्कम), ०) <> देणगी.रक्कम

एकही ओळ आली नाही, तर हिशेब जुळला. यात लेफ्ट जॉइन आहे, म्हणून वाटणी न झालेली देणगीही गळत नाही. कोअलेस का? वाटणी नसेल तिथे बेरीज नल येते. नल म्हणजे शून्य नव्हे, नल म्हणजे 'माहीत नाही'. माहीत नसलेली गोष्ट १,००० पेक्षा वेगळी आहे का, असं विचारलं तर डेटाबेस हो म्हणत नाही आणि नाहीही म्हणत नाही. ती ओळ मुकाट्याने वगळली जाते.

या नलनेच मला दुसऱ्यांदा फसवलं. यंदा ज्यांची देणगी आली नाही, त्यांची यादी हवी होती. योग्य क्वेरी अशी:

सिलेक्ट देणगीदार.नाव
फ्रॉम देणगीदार
लेफ्ट जॉइन देणगी ऑन देणगी.देणगीदार_क्र = देणगीदार.देणगीदार_क्र
अँड देणगी.तारीख >= '२०२४-०४-०१'
अँड देणगी.तारीख < '२०२५-०४-०१'
व्हेअर देणगी.देणगी_क्र इज नल

मी मात्र तारखेच्या अटी खाली व्हेअर मध्ये लिहिल्या होत्या. ज्याची देणगीच नाही त्याची तारीखही नल, म्हणजे ती अट कधीच पूर्ण होणार नाही. उत्तर आलं शून्य ओळी. मी आनंदाने कळवलं, "यंदा शंभर टक्के लोकांनी दिलं!" काका नुसते हसले. शेवटची तारीख 'एक एप्रिलच्या आधी' अशी लिहिली आहे, तीही मुद्दाम. तारखेसोबत वेळही साठवली जात असेल आणि अट '३१ मार्चपर्यंत' अशी असेल, तर ३१ मार्चच्या दुपारी आलेली देणगी बाहेर राहते. करसवलतीसाठी शेवटच्या दिवशी देणारे किती असतात, ते कुठल्याही खजिनदाराला विचारा.

करसवलतीवरून आठवलं. प्राप्तिकर कायदा १९६१ च्या कलम ८०जी खाली मान्यताप्राप्त संस्थांना आर्थिक वर्ष २०२१-२२ ते २०२५-२६ साठी फॉर्म १०बीडी भरावा लागे, वर्ष संपल्यावर ३१ मेपर्यंत. त्यात देणगीदाराचा पॅन किंवा अन्य ओळख क्रमांक, देणगीचा प्रकार, आणि ती रोख आली, वस्तुरूपात की बँकेतून, हे सगळं लागायचं. त्यावरून देणगीदाराला १०बीई प्रमाणपत्र मिळायचं. तुमच्या क्वेरीतून एक माणूस गळला, तर त्याची सवलत अडकते. म्हणून प्रकार आणि माध्यम हे रकाने पहिल्या दिवसापासून ठेवा. २,००० रुपयांवरच्या रोख देणगीला करसवलत नाही, तेव्हा तेवढ्या रोख देणग्यांची यादी महिन्याला काढा आणि लोकांना आधीच सांगा.

'स्मरणार्थ' हा वेगळा रकाना हवा. "पावती कै. वडिलांच्या नावाने करा" असं सांगणारे बरेच असतात. पैसे देणारा एक, स्मरण दुसऱ्याचं. सवलत पैसे देणाऱ्याची, म्हणून 'देणगीदार' मध्ये तोच जाईल. फोन नंबरला ओळख मानू नका, नवरा-बायकोचा एकच असतो. नावालाही नको, एकच आडनाव आपण तीन प्रकारे लिहितो. आपला स्वतःचा अनुक्रमांक द्या. चेक वटला नाही तर ओळ पुसू नका, 'स्थिती' रकान्यात 'परत' लिहा आणि बेरजेत ती ओळ वगळा. पुसली, तर पावती क्रमांकांत भोक पडतं आणि पुन्हा तोच प्रश्न, "ही पावती कुठे गेली?"

त्या सभेनंतर दुसऱ्या दिवशी मी काकांकडे गेलो होतो. त्यांनी वही पुढे सरकवली आणि म्हणाले, "तू एकेक वाचून दाखव, मी खूण करतो." चौदाव्या पावतीला, त्या एक लाखाच्या, आम्ही दोघंही थांबलो. पुढच्या बैठकीत मी उभं राहून सांगितलं की वही बरोबर होती आणि पडद्यावरचा आकडा चुकीचा होता. तीच देणगी पडद्यावर दोन ओळींत दाखवली, तेव्हा मागच्या रांगेतल्या गृहस्थांनी आपण होऊन काकांना चहा आणून दिला.

वही अजून चालू आहे. सभेच्या आदल्या रात्री काका फोनवर महिन्यांच्या बेरजा वाचतात आणि मी इकडे ग्रुप बायचा निकाल बघत "हो" म्हणत जातो. मागच्या वर्षी ऑगस्टमध्ये पाचशे एकचा फरक निघाला. तो वहीत होता. काकांनी तो मला दोनदा तपासायला लावला.