शिक्षा कशाची: वागण्याची की अपंगत्वाची?

आज एकच प्रश्न घेऊ. वर्गातल्या एखाद्या दिव्यांग मुलाने कुणाला मारलं, काच फोडली, तर शाळेने काय करायचं? ‘नियम सगळ्यांना सारखा’ म्हणून घरी बसवायचं, की ‘बिचारा आहे’ म्हणून सोडून द्यायचं? दोन्ही उत्तरं सोपी आहेत, आणि दोन्हींत नुकसान मुलाचंच आहे. अमेरिकेच्या कायद्याने यातून तिसरी वाट काढली. ती एका खटल्यावरून नीट समजते.

१९७५ मध्ये तिथे दिव्यांग मुलांच्या शिक्षणाचा कायदा झाला. त्याआधी दहा लाखांहून जास्त दिव्यांग मुलं सरकारी शाळांच्या पूर्ण बाहेर होती. कायद्याने प्रत्येक मुलासाठी लेखी शिक्षण-आराखडा सक्तीचा केला. त्याला ‘आयईपी’ म्हणतात.

आता १९८० सालची सॅन फ्रान्सिस्कोमधली गोष्ट. भावनिक अडचणी असलेला, सतरा वर्षांचा एक मुलगा. त्याच्या दिसण्या-बोलण्यावरून मुलं त्याला चिडवत. चिडवलं की तो भडकतो, हे शाळेला ठाऊक होतं. राग न करता त्रास सहन करायला शिकवणं, हे त्याच्या आराखड्यातच लिहिलेलं होतं. एक दिवस कुणीतरी चिडवलं. याने त्याचा गळा धरला, खिडकी फोडली. शाळेने आधी पाच दिवस निलंबित केलं, मग ते निलंबन बेमुदत वाढवलं. म्हणजे बघा, जे शिकवायचं म्हणून लिहून ठेवलं होतं, तेच येत नाही म्हणून बाहेर काढलं!

‘होनिग विरुद्ध डो’ या नावाने हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. १९८८ मध्ये निकाल लागला: दहा दिवसांपर्यंत निलंबन चालेल, पण वाद सुरू असताना शाळा एकतर्फी निर्णयाने मुलाला बाहेर ठेवू शकत नाही.

पुढे कायद्यात आणखी एक पायरी आली. दहा दिवसांपेक्षा जास्त काळ बाहेर काढायचं ठरलं, तर शाळेच्या दहा दिवसांच्या आत पालक आणि शिक्षक एकत्र बसतात. दोन प्रश्न विचारतात. एक, हे वर्तन अपंगत्वामुळे घडलं का, किंवा त्याच्याशी थेट आणि ठोस संबंध आहे का? दोन, शाळेने आराखडा पाळला नाही म्हणून घडलं का? दुसरा प्रश्न महत्त्वाचा, कारण तिथे शाळाही उत्तरदायी होते.

एकाचंही उत्तर ‘हो’ आलं, तर वर्तनामागचं कारण शोधून मदतीची योजना करायची, आणि सहसा मूल आपल्या वर्गात परत येतं. दोन्ही ‘नाही’ असतील, तर इतरांसारखीच शिक्षा, पण शिक्षण थांबत नाही. शस्त्र, अमली पदार्थ किंवा गंभीर इजा असेल, तर उत्तर काहीही असो, शाळेचे ४५ दिवसांपर्यंत दुसरीकडे ठेवता येतं. म्हणजे इतर मुलांच्या सुरक्षिततेचाही विचार आहे.

आपल्याकडे शिक्षण हक्क कायदा, २००९ मारहाण आणि मानसिक छळाला बंदी करतो, आठवीपर्यंत शाळेतून काढूही देत नाही. पण हे दोन प्रश्न विचारण्याची पायरी त्यात नाही. ‘उद्यापासून पाठवू नका’ असा निरोप आला, तर पालकांनी निदान एवढं विचारावं: हे का घडलं, आणि तोपर्यंत शाळेने काय केलं होतं?

आता तुमचे प्रश्न घेऊ.