प्रथिनांची घडी, रक्ताचा ताण

प्रतिवर्षाप्रमाणे या अहवालात जमाखर्चासोबत आरोग्यविषयक एका विषयाची ओळख आमच्या हितचिंतकांना करून देत आहोत. यंदाचा विषय आहे, यांत्रिक ताणाचा प्रथिनांच्या घडीवर होणारा परिणाम.

प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची लांब साखळी. ती ठरावीक रीतीने दुमडली गेली, तरच बहुतेक प्रथिने आपले कार्य करू शकतात. उष्णतेने ही घडी मोडते, हे अंडे उकडताना आपण पाहतो. ती केवळ ओढीनेही उलगडते आणि आपल्या रक्तात हे नित्य घडत असते.

व्हॉन विलेब्रांड घटक हे असेच एक प्रथिन. फिनलंडचे वैद्य एरिक व्हॉन विलेब्रांड यांनी १९२६ मध्ये वर्णन केलेल्या रक्तस्रावाच्या विकारावरून त्यास हे नाव मिळाले. जखमेपाशी रक्तप्रवाहाच्या ओढीने ते ताणले जाते व प्लेटलेट्सना धरून ठेवते. त्याच्या प्रत्येक दुव्यातील एक घडी ताण वाढताच उलगडते आणि तेथे रक्तातील एक विकर साखळी कापते. अमेरिकेत २००९ मध्ये लेसर किरणांच्या चिमट्याने हा भाग ओढून पाहण्यात आला. त्यासाठी सुमारे १० पिकोन्यूटन, म्हणजे एका ग्रॅमच्या शंभर कोटीव्या भागाच्या वजनाइतका ताण पुरेसा ठरला. साखळ्या फार लांब राहिल्या तर नको तेथे गुठळ्या होतात. फार तुटल्या तर रक्त थांबत नाही. ताणावर चालणारी ही कात्री हा समतोल राखते.

उतारवयात हृदयातून महारोहिणीत उघडणारी झडप अरुंद झाली, की रक्त तेथून अतिवेगाने जाते. साखळ्या प्रमाणाबाहेर तुटतात व आतड्यातील नाजूक वाहिन्यांतून रक्त झिरपू लागते. झडप व रक्तस्राव यांची ही सांगड अमेरिकन डॉक्टर एडवर्ड हाइड यांनी १९५८ मध्ये नोंदवली. तिचे कारण उमगण्यास पुढे अनेक दशके लागली.

अशा रुग्णास वारंवार रक्त चढवावे लागते, कुटुंब खर्चाने मेटाकुटीस येते आणि दुखण्याचे मूळ मात्र हृदयात दडलेले असते. झडप बदलल्यावर लांब साखळ्या रक्तात पुन्हा दिसू लागतात व अनेकांचा रक्तस्राव थांबतो. म्हणून आमची विनंती आहे, की घरातील वृद्धांस वारंवार रक्तक्षय होत असेल, शौचास काळी होत असेल आणि सोबत धापही लागत असेल, तर पोटाबरोबर हृदयाचीही तपासणी अवश्य करून घ्यावी.